घरबसल्या हवामानशास्त्र : नागपूरकरांनी पहिला ऑनलाइन कोर्स कसा निवडावा, कसा पुरा करावा

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, लागला की नागपुरात पानठेल्यापासून बँकेच्या रांगेपर्यंत तापमानाचीच चर्चा. अशा गावात राहून हवामान आणि जलवायूचा (म्हणजे दीर्घकाळच्या सरासरी हवामानाचा) एखादा प्राथमिक कोर्स करावा असं मनात येणं साहजिक आहे, आणि आता तो घरबसल्या, बहुतेक वेळा फुकटात करता येतो. बी.ए.ला भूगोल घेतलेले, इंजिनिअरिंगला एखादा वेगळा ऐच्छिक विषय शोधणारे, शेती बघणारे, निवृत्तीनंतर काही तरी शिकू म्हणणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. इंग्रजीतले बहुतेक प्राथमिक कोर्स अमेरिका-युरोपचं आकाश समोर ठेवून तयार झालेले आहेत. त्यांतलं भौतिकशास्त्र नागपूरलाही तितकंच लागू पडतं, उदाहरणं मात्र पडत नाहीत. ती तुमची तुम्ही सोनेगावचा विमानतळ, अंबाझरी तलाव आणि घरच्या गच्चीवरून जमवली तर विषय डोक्यात राहतो. नाही तर परीक्षा झाली की पंधरा दिवसांत पाटी कोरी.

पायरी १ : श्रेयांक हवेत की नुसतं शिकायचंय?

हे सगळ्यांत आधी ठरवा, कारण पुढचे सगळे रस्ते इथेच फुटतात.

श्रेयांक (क्रेडिट्स) हवे असतील तर ‘स्वयम्’कडे वळा. केंद्र सरकारचं हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचे कोर्स त्यावर ‘एनपीटेल’ या नावाने येतात. शिकायला पैसे लागत नाहीत, पण प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि तिची फी वेगळी असते, साधारण हजार रुपये. १२ आठवड्यांचा कोर्स बहुधा ३ श्रेयांकांचा धरला जातो.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेता येतात. म्हणून तुमचं कॉलेज ते आपोआप मोजेल असं समजू नका. आधी विभागप्रमुखांना भेटा. कॉलेजात एनपीटेलचा ‘लोकल चॅप्टर’ (संपर्क केंद्र) असेल तर त्याचे समन्वयक कोण ते विचारा. कोर्सचं नाव आणि क्रमांक लिहून परीक्षा विभागाकडून लेखी होकार घ्या. हे सगळं नोंदणीच्या आधी करायचं. निकाल हातात आल्यावर ‘सर, हे धरतील का?’ म्हणत फिरणारी मुलं दर सत्रात दिसतात. मिळवलेले श्रेयांक जिथे जमा होतात त्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चं खातंही उघडून ठेवा. तिथलं नाव आणि ‘स्वयम्’वरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं असू द्या.

नुसतं शिकायचं असेल तर मैदान मोकळं आहे. तुम्हाला फक्त तारखांची शिस्त स्वतःची स्वतः लावून घ्यावी लागेल.

पायरी २ : नावात ‘इंट्रोडक्शन’ आहे म्हणून फसू नका

आयआयटी मद्रासचे प्रा. सी. बालाजी यांची ‘इंट्रोडक्शन टू अ‍ॅटमॉस्फेरिक सायन्स’ ही व्याख्यानमाला एनपीटेलवर आहे. ती उत्तम आहे, पण इंजिनिअरिंगच्या अंगाने जाणारी आहे. उष्मागतिकी (थर्मोडायनॅमिक्स) आणि कलनशास्त्र (कॅल्क्युलस) येत असेल त्यालाच ती पचते. बी.ए.च्या विद्यार्थ्याने तिथून सुरुवात केली तर तिसऱ्या व्याख्यानाला लॅपटॉप मिटणार. याउलट येल विद्यापीठाने २०११ मध्ये चित्रित केलेला प्रा. रोनाल्ड स्मिथ यांचा वातावरण आणि समुद्रावरचा कोर्स पाहा. गणित आहे, पण बारावी विज्ञान झालेल्याला पेलेल इतकंच. तो पूर्ण मोफत आहे, मात्र प्रमाणपत्र मिळत नाही. अमेरिकेतलंच ‘मेटएड’ हे संकेतस्थळ तासा-दोन तासांचे छोटे धडे देतं. आधी पाणी किती खोल आहे ते बघायला हे धडे बरे.

कोर्स पारखायची माझी रीत सोपी आहे. पहिल्या आठवड्याचं व्याख्यान बघायचंच नाही, ते सगळीकडे सोपंच असतं. पाचव्या किंवा सहाव्या आठवड्याचं उघडायचं. तिथे हवेची स्थिरता किंवा वाऱ्यांवरची बलं चालू असतात. शिक्षक चित्र काढून समजावतोय की समीकरणांनी फळा भरतोय ते पाच मिनिटांत कळतं. मग अभ्यासक्रमात ‘मान्सून’ हा शब्द शोधा. परदेशी कोर्समध्ये त्याला एखादी स्लाइड मिळाली तरी पुष्कळ झालं. तेवढ्यावरून कोर्स टाकून देऊ नका, पण मान्सूनपुरता एखाद्या भारतीय संस्थेचा व्हिडिओ जोडीला लागेल हे लक्षात ठेवा.

इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर बालभारतीची शाळेची भूगोलाची पुस्तकं उतरवून घ्या, ती मोफत मिळतात. सापेक्ष आर्द्रता, दवबिंदू, वायुभार या कल्पना एकदा मराठीत वाचून मग व्याख्यानाला बसलं की इंग्रजी तितकंसं आड येत नाही.

पायरी ३ : जानेवारी की जुलै?

एनपीटेलची सत्रं वर्षातून दोनदा सुरू होतात, जानेवारीत आणि जुलैत. बाकी विषयांत याने फारसा फरक पडत नसेल, हवामानात पडतो.

जुलैत बसलात तर आर्द्रता, ढग आणि पाऊस शिकताना खिडकीबाहेर तेच चाललेलं असतं, आणि ऑक्टोबरमध्ये मान्सून परतताना वारे कसे फिरतात तेही दिसतं. जानेवारी सत्रात थंडीच्या पहाटेचं धुकं, फेब्रुवारी-मार्चची गारपीट आणि एप्रिलमध्ये चढत जाणारा पारा मिळतो. मला विचाराल तर नवख्याने जुलै सत्र घ्यावं. नागपूरचा उन्हाळा आपल्याला ओळखीचा असतो, ढगांकडे मात्र कुणी नीट बघितलेलं नसतं.

पायरी ४ : टेबलावर काय असावं

फार काही नाही. एक जाड वही, दोन साधे काचेचे थर्मामीटर (ताप बघायचे नव्हेत, प्रयोगशाळेतले), मोबाइलवर हवामान खात्याचं ‘मौसम’ अ‍ॅप आणि विजांच्या सूचनेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेलं ‘दामिनी’.

वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहून ठेवा. पहिली म्हणजे एकक. अमेरिकी कोर्स फॅरेनहाइटमध्ये बोलतो, तेव्हा सेल्सिअसला १.८ ने गुणून ३२ मिळवा. आपले ४४ म्हणजे त्यांचे १११. दुसरी म्हणजे वेळ. हवामानाचे नकाशे जागतिक वेळेत असतात, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. नकाशावर ‘००’ दिसलं की सकाळचे ५:३०, ‘१२’ दिसलं की संध्याकाळचे ५:३०. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३० असा मोजतात, म्हणून रात्रभर कोसळलेला पाऊस दुसऱ्या दिवशीच्या खात्यात दिसतो. त्यात कुणाची गडबड नसते.

आठवड्याला पाच-सहा तास धरा. व्हिडिओ सकाळी बघा. मे महिन्यातल्या दुपारी कूलरच्या आवाजात व्याख्यान ऐकणं म्हणजे झोपेला आमंत्रण.

पायरी ५ : प्रत्येक आठवडा नागपूरच्या आकाशाला बांधा

खरं काम इथे आहे. कोर्स कोणताही घ्या, विषयांचा क्रम साधारण सारखाच असतो.

*ऊन आणि ऋतू.* पुस्तक सांगतं की जुलै हा सर्वांत उष्ण महिना. ते त्यांच्याकडे. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, एकदा २६ मेच्या आसपास आणि पुन्हा १७ जुलैच्या सुमारास. त्या दुपारी सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिली तारीख नेमकी नवतप्यात पडते, आणि तेव्हा ऊन मी म्हणत असतं. दुसऱ्या तारखेला सूर्य तितकाच डोक्यावर असतो, पण मध्ये ढग आणि ओली जमीन आलेली असते, म्हणून पारा दहाएक अंशांनी खाली. सूर्याची उंची आणि तापमान यांचं नातं सरळ का नाही, हा या आठवड्याचा मुख्य प्रश्न. त्याचं उत्तर तुमच्या अंगणातच आहे.

*तापमान मोजणं.* हा धडा कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक तो पळवतात. तसं करू नका. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली आणि देशभर बातमी पसरली. त्याच दिवशी शहराजवळच्या दुसऱ्या केंद्रावर ४४ होते. उपकरणात बिघाड असल्याचं नंतर हवामान खात्याने सांगितलं. कोर्समधलं तुमचं काम एवढंच की तो आकडा अशक्य का वाटायला हवा होता ते चार ओळींत लिहायचं. अधिकृत तापमान सावलीत, पांढऱ्या झडपांच्या ‘स्टीव्हनसन स्क्रीन’मध्ये, जमिनीपासून सव्वा मीटरवर मोजतात. गाडीच्या डॅशबोर्डवर दिसतं ते डांबराने आणि पत्र्याने तापलेल्या हवेचं तापमान. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे फोटो फिरवणाऱ्या काकांना हे समजावण्याच्या फंदात मात्र पडू नका.

इथेच उष्णतेच्या लाटेची व्याख्याही बघून घ्या. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० हवं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी जास्त हवं, किंवा थेट ४५ किंवा त्याहून जास्त हवं. मे महिन्यात नागपूरची कमाल सरासरीच ४२ च्या आसपास असते. म्हणजे ४४ अंशांना आपण कितीही भाजून निघालो तरी व्याख्येने ती लाट नाही. हे उदाहरण एकदा सोडवलं की सरासरी, विचलन आणि उंबरठा या तिन्ही गोष्टी कायमच्या कळतात.

*आर्द्रता.* या धड्यासाठी नागपूरसारखी प्रयोगशाळा नाही, कारण घरोघरी कूलर आहे. मे महिन्यात तो गारेगार करतो आणि जुलैत तोच चिकचिक का वाढवतो? दोन्ही थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळा आणि दोन्ही पंख्यासमोर धरा. ओला थर्मामीटर जितका उतरेल त्याच्याखाली कूलरची हवा जाऊच शकत नाही. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओला पारा २३ च्या आसपास थांबतो, म्हणजे तब्बल वीस अंशांचा उतार. जुलैत ३१ अंश आणि ८० टक्के असेल तर तो २८ वरच अडतो. मग कूलर काय करणार बिचारा. आपला घामही याच नियमाने वाळतो, त्यामुळे उकाड्याचा अर्थ इथेच लागतो. व्याख्यानात हे सगळं वक्ररेषांच्या आलेखात येईल, पण आधी स्वतः मोजा आणि मग आलेख बघा. या एका प्रयोगाला आख्खा रविवार दिला तरी चालेल.

*उंची आणि स्थिरता.* कोर्समधला हा सर्वांत अवघड टप्पा. सुरुवात चिखलदऱ्यापासून करा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, चिखलदरा ११०० च्या आसपास. हवा दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंशांनी थंड होते, म्हणजे फरक पाच अंशांचा. ढगाबाहेरचा, वर उचलला जाणारा हवेचा पुंजका मात्र किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होतो. वर गेलेला पुंजका भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहिला तर चढत जातो, थंड पडला तर खाली येतो. म्हणून या दोन आकड्यांतल्या तफावतीवर वादळी ढगांचं सगळं गणित उभं आहे.

आता सोनेगाव. विमानतळाजवळ प्रादेशिक हवामान केंद्र आहे. विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड त्याच्या अखत्यारीत येतात. तिथून हवामानाचे फुगे सोडले जातात. त्यांनी पाठवलेली तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याची माहिती अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. नागपूर केंद्राचा क्रमांक आहे ४२८६७. तारीख टाका, सकाळची वेळ निवडा आणि उंचीनुसार तापमान दाखवणारा ‘स्क्यू-टी’ आलेख उघडा. एखाद्या वेळची नोंद नसेल तर दुसरा दिवस घ्या. पुस्तकात तपांबराची सीमा ११ किलोमीटरवर दाखवलेली असते. तुम्हाला ती १६ किलोमीटरच्या वर सापडेल, कारण उष्ण कटिबंधात वातावरणाचा हा खालचा थर जाड असतो. एप्रिल-मे महिन्यातल्या वादळांचे ढग इतके उंच का चढतात त्याचं एक कारण हेच.

*वारे, आघाड्या आणि मान्सून.* परदेशी कोर्स इथे दोन-तीन आठवडे शीत आघाडी आणि उष्ण आघाडीवर, म्हणजे थंड आणि उबदार हवेच्या सीमारेषांवर, घालवतो. परीक्षेपुरतं शिका, पण नागपूरच्या नकाशावर त्या शोधत बसू नका. आपल्याकडे हिवाळ्यात उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचा (पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींचा) परिणाम जाणवतो. त्यांना बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या ओलाव्याची जोड मिळाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू-हरभऱ्यावर आणि संत्र्याच्या बहरावर गारपीट होते. पावसाळ्यातलं मुख्य पात्र निराळं. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि ओडिशा-छत्तीसगडमार्गे पश्चिम-वायव्येकडे सरकतं. त्याच्या नैर्ऋत्य बाजूला पाऊस सर्वाधिक असतो, आणि विदर्भ त्या बाजूला सापडला की झड लागते. कोकणातला पाऊस सह्याद्रीने अडवलेल्या वाऱ्यांचा, आपला पाऊस या फिरत्या प्रणालींचा. असाइनमेंटमध्ये ‘भारतातील पर्जन्याचे प्रकार’ आलं की सगळं घाटावर ढकलू नका.

पावसाच्या श्रेणी लिहून ठेवा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. मग २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवा. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. तेवढंच पाणी दिवसभर झडीने पडलं असतं तर छत्रीवर निभावलं असतं. श्रेणी २४ तासांच्या बेरजेवर ठरते, पूर मात्र तासाच्या वेगावर आणि पाणी जायला वाट आहे की नाही यावर ठरतो. सिमेंटच्या रस्त्यांबद्दल माझं मत इथे आवरतं घेतो.

*जलवायू आणि बदल.* शेवटचे दोन आठवडे. एक उन्हाळा जास्त तापला म्हणून काही सिद्ध होत नाही आणि एक हिवाळा कडक गेला म्हणून काही खोटं ठरत नाही. सरासरी ३० वर्षांची धरतात, सध्या १९९१ ते २०२०. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ पासून कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा तो दशलक्षात ३१५ भाग होता, आता ४२० च्या पुढे आहे. एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याचा, धडाही इथेच येतो, आणि त्यातला महत्त्वाचा दुवा भारतीय हवामान खात्यातच जुळला होता. १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज शोधता शोधता प्रशांत महासागरावरच्या दाबाच्या हिंदोळ्यापर्यंत पोचले. एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच, असं मात्र लिहू नका. १९९७ मध्ये एल निनो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला.

प्रकल्प करायचा असेल तर नागपूरचं उष्माघात कृती आराखड्याचं उदाहरण घ्या. अहमदाबादने २०१३ मध्ये वाट दाखवली, नागपूर २०१६ पासून त्या वाटेवर आहे. कोणत्या तापमानाला कोणता इशारा द्यायचा आणि इशाऱ्यानंतर बागा, दवाखाने, मजुरांच्या कामाच्या वेळा यांत काय बदलायचं, हे तुमच्या प्रभागापुरतं तपासलं तरी प्रकल्प उभा राहतो.

पायरी ६ : असाइनमेंट आणि परीक्षा

एनपीटेलमध्ये २५ टक्के गुण असाइनमेंटचे आणि ७५ टक्के परीक्षेचे. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, त्यामुळे दिवाळीत किंवा कॉलेजच्या परीक्षेत एखादी हुकली तरी चालतं. मुदतीच्या रात्री साडेअकराला बसू नका, नेमका तेव्हाच मोहल्ल्यातला लाइट जातो.

नवखे हमखास जिथे अडकतात ती जागा म्हणजे नोंदणी. कोर्सला नाव घातलं की परीक्षेला नाव घातलं असं होत नाही. परीक्षेचा अर्ज, फी आणि शेवटची तारीख वेगळी असते. त्याच अर्जात परीक्षेचं शहर निवडायचं असतं. जागा भरत जातात, म्हणून अर्ज लवकर भरा, नाही तर पेपरसाठी अमरावतीची एसटी पकडावी लागेल. प्रश्न बहुतेक बहुपर्यायी असतात आणि मागच्या असाइनमेंटच्या वळणाचेच असतात. आकडेमोडीची उदाहरणं वहीत दोनदा सोडवलेली असली की पुरे.

नंतर काय

एका प्राथमिक कोर्सवर हवामान खात्यात नोकरी मिळत नाही, त्या आशेने पैसे भरू नका. विषय आवडला असेल आणि भौतिकशास्त्र-गणित घेऊन बी.एस्सी. करत असाल, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या वातावरण आणि अवकाश विज्ञान विभागाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बघा. भूगोलवाल्यांसाठी दूरसंवेदन आणि जीआयएस ही जवळची वाट आहे. राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच आहे. शेती बघणाऱ्यांनी ‘मेघदूत’ अ‍ॅपवरचा आपल्या जिल्ह्याचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी वाचावा, आणि तो दिला त्यामागे नकाशावर नेमकं काय होतं हे वहीत शोधून लिहावं.